मुठीचं माप

ढेबेवाडीच्या बाजारात, एसटी स्टँडच्या मागं,
सुके बोंबील आणि प्लास्टिकच्या बादल्या
यांच्या मधोमध झुंबर घिसाडणीचा भाता.
नवरा चिमट्यात लाल पट्टी धरतो, घण ती मारते.
पट्टी मूळची कुठल्याशा जीपच्या कमानपाट्याची.
मी घाव मोजत उभी.

"काय पायजे?"
सुरा, मी म्हणते. मिटणारा नको.

मिटणारा होता माझ्याकडं, कराडच्या दुकानातला,
लाल मुठीचा, बूच काढायची सोय असलेला.
आमच्या रानात बूच कशाला असतंय?
गेल्या भाद्रपदात कारवी तोडताना
तो माझ्याच बोटावर मिटला.
उजवी तर्जनी थंडीत अजून माझी नसते.

"कशाला लागतो?"
मी सांगत जाते. वनखात्याची रोजंदारी.
कॅमेऱ्यापुढच्या फांद्या छाटायच्या,
सशासाठी लावलेल्या फासक्या कापायच्या,
कळकाच्या खुंट्या तासायच्या,
ओलं लाकूड चिरून आतलं कोरडं काढायचं चहापुरतं,
कधी फणस, कधी चपलेचा अंगठा.
"आणि?"
आणि काय. एवढंच.

ती घण खाली ठेवते.

पहिला सुरा हातभर. उचलला तर मनगट वाकलं.
"ह्याला बैलाचा खांदा लागतो," म्हणत तिनंच परत घेतला.
दुसरा मासळीवालीचा, पातळ, लवलवता.
तिसरा नवऱ्यानं कौतुकानं पुढं केला:
"दोन्हीकडनं धार हाय, बघा!"
ती त्याच्याकडं न बघताच म्हणाली,
"दोन धारांचं पातं नुसतं भांडायला.
फांदी तासताना अंगठा कुठं टेकवंल ती? तुझ्या डोक्यावर?"

मग चौथा. वीतभर, काळपट,
पाठ जाड, पोट थोडं सुटलेलं, बाळंतिणीसारखं.
बाभळीची मूठ, तीन पितळी खिळे.
"शेपटी बघ, पार मुठीच्या बुडापर्यंत गेलीय.
अर्ध्या शेपटीचं पातं
ऐन वेळी मूठ सोडून जातं. माणसागत."

तिनं माझा हात धरला,
एकेक बोट मुठीवर वाकवलं.
तर्जनीपाशी थांबली, वण चाचपला, बोलली नाही.
मग पितळी खिळे तसेच ठेवून
त्या एका बोटापुरती मूठ कानशीनं खोलगट केली.
भुसा तिच्या लुगड्यावर पडत राहिला.

कानशीवरची नजर न काढता विचारते,
"तुमच्याकडं शेवटची गाडी कितीला पोचती?"
साडेसातला. फाट्यावर.
"आणि फाट्यापासनं?"
चालत.
"हं."

मी काही सांगितलं नव्हतं.
दिवा मालवून मागं मागं हळू येणारी मोटारसायकल
माझ्या यादीत कुठंच नव्हती.

"म्यान पुढं बांध, उजव्या हाताला.
पाठीवरच्या पिशवीत घातलास
तर तो बाजारातच राहिला समज.
रोज काढायचा, घालायचा. अंधारात. भाकरी झाल्यावर.
आणि पळता येत असंल तर पळ.
पळणाऱ्या बाईला सुरा जड होत नाही."

साडेतीनशे म्हणाली. मी घासाघीस केली नाही.
तरी वीस परत दिले, "म्यानाला," म्हणून,
समोरच्या चपलावाल्याकडं बोट करत.

त्याच संध्याकाळी, फाट्यावर उतरले,
उंबराची एक हिरवी फांदी तोडली
आणि सोलत सोलत चालू लागले.
काम होतं म्हणून नव्हे. हाताला काही हवं होतं.
मागं इंजिन आलं, रेंगाळलं.
मी वळले नाही. साल सोलत राहिले.
चर्र. चर्र. अंधारात तो आवाज
मला वाटला त्याहून मोठा होता.
इंजिन किती वेळ रेंगाळलं सांगता येत नाही.
मग दिवा लागला, माझ्या बाजूनं पुढं निघून गेला.
कोण होतं ते दिसलं नाही. कदाचित कुणीच नव्हतं, तसलं.

सकाळी कामावर जाताना
रस्त्यावर माझ्याच साली पडलेल्या.
शेळ्या अजून आल्या नव्हत्या.
फाट्याच्या बाजूला तुकडे, बारके, तुटके,
कुठं लाकडाचासुद्धा लचका निघालेला,
पिंपरणीच्या वळणापर्यंत.
वळणाच्या अलीकडं, घराकडं,
एकच साल.
लांब, न तुटलेली.